आधार काय?

हिंगोलीत मला माणसांत आणलं ते कुंडलिक सरांनी, हे आधी सांगतो. त्यांचं मी काय जाळलं, ते मागून.

सर कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. आधाराशिवाय काहीच मान्य करायचं नाही, ही त्यांची खोड. हॉटेलवाला म्हणाला दूध ताजं आहे, की सर विचारणार, "आधार काय?" मी सातवीतून शाळा सोडलेला, पार चंदगडाहून इथं आलेला इस्त्रीवाला. पहिल्या दिवशी त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं. "आधार?" म्हणाले. मी घाबरून आधार कार्ड काढून दिलं. त्यांनी ते उलटसुलट वाचलं. "जन्मतारीख एक जून. म्हंजे मास्तरानं ठोकून देली. कच्चा आधार हाय."

इथल्या बोलीनंही मला चांगलंच बनवलं. एकदा सर म्हणाले, "उद्या सकाळी तुझ्याकडं येऊन राहिलो." मी शेजाऱ्याकडून गादी मागून आणली. सकाळी सर आले, एक शर्ट टाकला आणि निघून गेले. 'येऊन राहिलो' म्हणजे नुसतं 'येतोय', हे मला नंतर शेजाऱ्यानं सांगितलं. गादी परत मागताना तो हसत होता.

सरांचं आयुष्य गेलं जुन्या बारवा आणि शिलालेख शोधण्यात. देवळामागं पालथे पडून दगड वाचायचे. चक्कर आली समजून लोक पाणी घेऊन धावायचे. डोंगरकड्याच्या बाजूच्या एका गावातल्या बारवेचा लेख मात्र त्यांच्या विशेष जिव्हाळ्याचा. दगडावर ओला कागद थोपटून, त्यावर शाई फिरवून त्यांनी ठसा घेतला होता. बारव कुणी बांधली ते तीन अक्षरी नाव नेमकं कागदाच्या घडीत चुरगळलेलं. पुन्हा बघायला गेले, तर गावानं भक्तीनं दगडाला ऑइलपेंट फासलेला. पुस्तक छापायला निघालं होतं, तेवढं नाव अडलं होतं. म्हणून ते कागद घेऊन माझ्याकडं आले.

हलक्या हातानं घडी काढ, म्हणाले. माझा हात हलकाच होता. इस्त्रीचं बटण मात्र सुती कापडावर राहिलेलं. वास आला. कागद उचलला, तर नावाच्या जागी भोक. सातवीतून शाळा सोडलेल्या माणसानं इतिहासात एवढी भर क्वचितच घातली असेल.

सर त्या भोकातून माझ्याकडं बघत राहिले.

"काहून बघून राहिला? बंद कर आधी ती इस्त्री," एवढंच बोलले आणि कागद घेऊन गेले.

मग बरेच दिवस आलेच नाहीत. मी गावी परतायला पिशवी भरून ठेवली. आता पुस्तकात माझं नाव येणार, गावोगाव कळणार, कपडे कोण देणार? रोज पिशवी भरायचो आणि गिऱ्हाईक आलं की तिच्यातूनच टॉवेल काढायचो.

एक दिवस सर आले. टेबलावर शर्ट टाकला, त्यावर नवं कोरं पुस्तक. मी अक्षरं जुळवत बारवेचं पान शोधलं. खाली बारीक टीप होती: ठसा घेताना माझ्याच निष्काळजीपणामुळे तीन अक्षरे नष्ट झाली. – लेखक.

मी दोनदा वाचलं. मग धीर करून विचारलं, "सर, याला आधार काय?"

"गुमान इस्त्री कर," सर म्हणाले आणि रस्त्याकडं बघू लागले.

शर्ट उलगडला, तर मागच्या खेपेला मीच घातलेली घडी जशीच्या तशी. सर घरात एकटेच. असे न घातलेले शर्ट त्यांनी आधीही आणले होते, हे मला तेव्हा आठवलं. स्टूल पुढं केलं आणि तो शर्ट जमेल तितका सावकाश केला.

कापडाचा धागा न दुखवता ऑइलपेंट काढणं, एवढं एकच शास्त्र मला येतं. दगड म्हणजे जरा जाड कापड, असं मी धरून चाललोय. कधीतरी त्या गावाला विचारून, हात जोडून, तो रंग उतरवीन आणि ती तीन अक्षरं सरांच्या हातावर ठेवीन. याला आज काही आधार नाही. पण सर, येऊन राहिलो.