नापास झालेली भुतं

ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता लोवेल फिस्टर स्वयंपाकघरात शिरला, तेव्हा अठरा भुतं त्याच्याकडे टक लावून पाहत होती. प्रत्येक भूत म्हणजे सोललेलं अर्धं केळं आणि डोळ्यांच्या जागी दोन बेदाणे. शेजारी सोललेल्या संत्र्यांचे अठरा भोपळे होते, माथ्यावर सेलरीच्या भाजीचा हिरवा देठ खोचलेले. लोवेलला पहिला संशय आला तो बायकोचा.

"मार्जीन, चॉकलेटं कुठायत?"

"यंदा नाहीत. हॅलोवीनला पोरांनी फळं खाल्ली तर काही बिघडत नाही. आणि सोमवारी तुझी साखर तपासायचीय. या वेळी वाढली तर डॉक्टर इंजेक्शनं चालू करणार आहेत."

"पोरांच्या चॉकलेटांचा माझ्या साखरेशी काय संबंध?"

"तोच विचार मी वर्षभर करतेय."

लोवेलने एक भूत उचलून उजेडात धरलं. तो डबाबंद फळांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासनीस होता आणि ओहायोतल्या त्या गल्लीतही त्याच्याकडे तेच काम होतं. अकरा वर्षांपूर्वी कुठल्याशा गावी हॅलोवीनला पोरांना वाटलेल्या सफरचंदात सुई सापडल्याची अफवा उठली. तेव्हापासून दर हॅलोवीनला रात्री आठचा भोंगा वाजला आणि पोरांचं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागणं संपलं, की आईबाप पोरांच्या पिशव्या त्याच्या जेवणाच्या टेबलावर रिकाम्या करत. नियम त्यानेच लिहिला होता: कारखान्यात बंद न झालेलं सारं नापास. फाटका कोपरा, सैल घडी, पुसट छपाई, तेही नापास. नापास माल निळ्या डब्यात जाई आणि त्याची विल्हेवाट लोवेल जातीने गॅरेजात लावी. कशी, ते कुणी विचारलं नव्हतं.

"हे घरचं आहे, उघडं आहे," तो म्हणाला. "मला नापास करावं लागेल."

"मग कर. मला राग येणार नाही."

तीस वर्षांच्या संसारात इतकं संशयास्पद वाक्य त्याने ऐकलं नव्हतं.

मार्जीनने छत्तीसच्या छत्तीस नग वाटले आणि सव्वाआठला ते टेबलावर परत आले. समोरच्या घरातल्या डेनीसने एक भूत दोन बोटांत उचललं. एव्हाना ते काळवंडलं होतं.

"लोवेल, हे कुणाकडचं हो? काही टोचलंबिचलंय की काय यात?"

"टोचलेलं नाही. कापलेलं केळं हवेने काळं पडतंच."

"म्हणजे आमच्या टॅन्सीला देऊ?"

लोवेलने क्षणभर विचार केला. आज बायकोचं केळं पास केलं, तर पुढच्या वर्षी कुणाच्याही आजीचा केक पास करावा लागेल. मग नियम गेला, आणि डबाही.

"नापास," तो म्हणाला.

मार्जीन नुसती हसली. छत्तीस नग डब्यात गेल्यावर लोवेलने हायसं वाटून एक चॉकलेट भिंगाखाली धरलं.

"कोपरा शंकास्पद आहे."

"कुठे? बघू." मार्जीनने भिंग घेतलं. "मला तर धड दिसतोय. डेनीस, तू बघ गं."

"धडच आहे की."

पास. पुढच्या चॉकलेटाची छपाईही पुसट निघाली नाही. चॉकलेटांचा ढीग पोरांकडे परत गेला आणि डब्यात फक्त फळं उरली. तेवढ्यात वटवाघूळ झालेल्या सात वर्षांच्या टॅन्सीने पंख आवरत विचारलं, "लोवेलकाका, मागच्या वर्षी माझी सहा चॉकलेटं नापास झाली होती. त्यांचं काय केलंत?"

खोलीतले सगळे लोवेलकडे पाहू लागले. अकरा वर्षं संशय घ्यायचं काम त्याचं एकट्याचं होतं. उलट्या बाजूने तो कसा दिसतो, हे त्याला प्रथमच कळलं.

"विल्हेवाट लावली," तो म्हणाला.

"हो ना," मार्जीन म्हणाली. "गॅरेजात खुर्चीमागे चॉकलेटांच्या कागदांचं पोतं सापडलं मला. बरं, यंदा तिथे थंडीत कशाला जातोस? इथेच लाव, सगळ्यांसमोर." तिने निळा डबा त्याच्यापुढे सरकवला.

लोवेलने पहिलं भूत तोंडात टाकलं. चव बरी होती, पण ते कबूल करण्याची ही वेळ नव्हती. त्याने गिळलं.

"तोंड उघडा, काका," टॅन्सी म्हणाली आणि तिने भिंग उचललं.