विचार करू की विचारू

निकेश आणि मोहिनी या दांपत्याला मूल व्हावं की होऊ नये, हा विषय वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतल्या त्यांच्या राहत्या घरी एका रविवारी सकाळी तर्री-पोह्यांच्या बशीवर चर्चेला आला. त्याआधी तो बरीच वर्षं प्रलंबित होता. लग्न मुळातच उशिरा झालेलं. मग निकेशची बदली गडचिरोलीला झाली, ती रद्द होईपर्यंत थांबायचं ठरलं. रद्द झाली तेव्हा सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. ते निभावलं, तर मोहिनीच्या शाळेत शिक्षक जास्त झाल्याची बातमी आली. अशा रीतीनं मूल दरवर्षी पुढच्या वर्षात ढकललं गेलं आणि तिथे ते निमूटपणे गेलं. मोहिनीचं वय खरं तर इथेच सांगायला हवं, पण ते पुढे ओघात येईलच.

आदल्या दिवशी मोहिनी डॉक्टरीणबाईंना भेटून आली होती. तपासण्या पाहून बाई म्हणाल्या होत्या की अजून जमू शकतं, धोके आहेत, काळजी घ्यावी लागेल. पण काय ते लवकर ठरवा, 'पुढच्या वर्षी' हा शब्द आता विसरा. मोहिनीनं हे सगळं निकेशला सांगितलं, दोन घास खाल्ले आणि तर्री आणायला आत जाता जाता म्हणाली, "आपण विचार करू."

निकेशला ऐकू आलं, "आपण विचारू."

यात त्याच्या कानांचा दोष नव्हता. निकेश एका शासकीय कार्यालयात अव्वल कारकून होता आणि त्या कार्यालयात कुणी विचार केल्याचा प्रसंग कुणाच्याच स्मरणात नव्हता. तिथे विचारत. खालचा वरच्याला विचारी, वरचा त्याच्या वरच्याला विचारी आणि सगळ्यात वरचा म्हणे, खालून अभिप्राय मागवा. या पद्धतीमुळे कुणाच्याही हातून आजवर एकही चूक झालेली नव्हती, कारण कुणाच्याही हातून काहीच झालेलं नव्हतं. मोहिनी मराठीची शिक्षिका. 'विचार करणे' आणि 'विचारणे' यांतला फरक ती दरवर्षी आठवीच्या वर्गाला फळ्यावर लिहून समजावत असे. घरी फळा नव्हता.

पोहे संपवून निकेश हात पुसत आईच्या खोलीत गेला. प्रमिलाबाईंनी या लग्नानंतर कितीतरी वर्षं सुनेला सकाळ-संध्याकाळ एकच प्रश्न विचारला होता, "काही विशेष?" आता विशेष होण्याची शक्यता समोर आल्यावर त्या उठून बसल्या.

"अव माय! आता? पोरगं रांगन तवा मोहिनी कमरीले पट्टा बांधून त्याच्यामागं धावन का? लोक काय म्हणतीन?"

"आई, आतापरेंत तुमीच तर विचारत होत्या," दारातून मोहिनी म्हणाली.

"मले विचाराची सवय हाय वं, उत्तराची नाई," प्रमिलाबाई प्रांजळपणे म्हणाल्या. "माही काही हरकत नाई. पण बंडूजीले विचारल्याबिगर काही करू नका."

बंडूजी म्हणजे निकेशचे मोठे चुलते, घराण्यातले ज्येष्ठ. ते समुद्रपूरला राहत. पुढच्या रविवारी दोघं एसटीत बसली तेव्हा मोहिनीनं विषय काढला.

"अहो, मी 'विचार करू' म्हटलं होतं. 'विचारू' नाई."

"एकच तर झालं," निकेश म्हणाला. "विचारल्याशिवाय विचार कसा करता येते?"

मोहिनीनं खिडकीबाहेर पाहिलं. दोन्हीकडे कपाशी उभी होती आणि तिला कुणी काही विचारत नव्हतं. तिला कपाशीचा हेवा वाटला.

बंडूजींनी सगळं शांतपणे ऐकलं, मग उजव्या हाताच्या अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली. आपल्याकडे अशी बातमी ऐकून अंगठा स्वस्थ ठेवलेला माणूस अजून सापडायचा आहे. पेरं संपली तशी त्यांनी डावा हातही घेतला.

"पोरगं बारावीत आन बाप पेन्शनीत," ते म्हणाले. "पालकसभेले गेला तर मास्तर म्हणन, आजोबा, बापाले पाठवजा."

"ते चालून जाईन, मोठे बाबा," निकेश म्हणाला.

"ते चालन. पन माह्या लेकाच्या, आदेशच्या पोरीचं लग्न व्हाचं हाय. उद्या तिले लेकरू होईन, ते तुह्या लेकराले मामा म्हणन. आता समज, ते आधी झालं आन तुहं मागून, त मामा भाच्याहून लहान! भाच्याचं जावळ काढाले मामा लागते, बापा. कोण कोनाच्या मांडीवर बसन?"

अजून जन्मलेल्या नसलेल्या एकानं अजून जन्मलेल्या नसलेल्या दुसऱ्याच्या मांडीवर कसं बसावं, यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी बंडूजींनी निकाल दिला. त्यांची स्वतःची काही हरकत नव्हती, मात्र आदेशच्या मुलीचं लग्न होईस्तोवर विषय स्थगित ठेवावा. तेवढ्यात ती मुलगी चहा घेऊन आली आणि काकूच्या कानाशी लागून म्हणाली, "काकू, मले लग्नच नाई करायचं." मोहिनीनं चहा घेतला.

परतीच्या गाडीत निकेश समाधानी होता. दोन अभिप्राय आले होते आणि दोन्हींत हरकत नव्हती. फक्त एकात 'आता उशीर झाला' होतं आणि दुसऱ्यात 'अजून थांबा' होतं. परस्परविरोधी अभिप्राय आले की जनतेचं मत मागवावं, असं त्याच्या कार्यालयात शिकवत. त्यानं वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'माझ्या एका मित्राला या वयात मूल व्हावे काय? मान्यवरांनी मत द्यावे.'

मित्राचं नाव कुणीही विचारलं नाही. एसटी वर्ध्याला पोचेपर्यंत तीन जणींनी मोहिनीला लिंबाचं लोणचं पाठवत असल्याचं कळवलं होतं. एका काकांनी नावांची यादी टाकली होती आणि दुसऱ्यांनी त्यातलं एक नाव आपल्या नातवाचं असल्यानं तीव्र हरकत घेतली होती.

वसाहतीचे अध्यक्ष मोतीलालजी यांचं गावात कापडाचं दुकान. आयुष्यात त्यांनी एकही गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ दिलं नव्हतं आणि एकही विषय ठरावाशिवाय सोडला नव्हता. मासिक सभेत, मारुतीच्या देवळासमोरच्या मांडवात, नाली, पथदिवे आणि मोकाट कुत्री हे विषय उरकल्यावर त्यांनी घसा साफ केला. "आता ऐनवेळी येनारे विषय, अध्यक्षाच्या परवानगीनं. परवानगी हाय. निकेशभाऊंचं लेकरू."

मोहिनी तिसऱ्या रांगेत बसली होती. तिनं वळून मागच्या रांगेतल्या निकेशकडे पाहिलं.

सभा मात्र रंगली. बागेतला झोका काढून तिथे हास्यक्लबची सतरंजी टाकली होती, ती उचलायची कुणी, हा पहिला मुद्दा. दुपारी वसाहत झोपते, तेव्हा रडण्याच्या वेळा ठरवाव्यात, हा दुसरा. महिला मंडळाचा पाठिंबा भक्कम होता, कारण इथे कितीतरी वर्षांत डोहाळजेवण झालं नव्हतं आणि हिरव्या साड्या कपाटात पडून होत्या. मोतीलालजींनी हिरवा रंग दुकानात भरपूर असल्याचं, कोणताही स्वार्थ न ठेवता, सभेच्या निदर्शनास आणलं. आजन्म अविवाहित असलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी आईपणाच्या जबाबदाऱ्यांवर इतकं मुद्देसूद भाषण केलं की काही बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी, या प्रश्नाचा सर्वांगीण अभ्यास करण्यासाठी एक समिती नेमावी, असं ठरलं. नावं येऊ लागली.

मोहिनी उभी राहिली. "मले बोलायचं हाय."

मोतीलालजी नम्रपणे हसले. "वहिनी, नियमात बसत नाई. ज्याचा विषय असते त्याले त्या विषयावर बोलता येत नाई. तुमच्या फाटकापुढच्या नालीवर बोला ना, मोकाट बोला."

"माह्या पोटाचा विषय हाय."

"म्हणूनच तर."

"सगळ्याईले विचारलं," मोहिनी म्हणाली. तिचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा होता. "सासूले विचारलं, मोठ्या बाबाले विचारलं, हास्यक्लबाले विचारलं. मले काऊन नाई विचारलं कोनी?"

मग कुणीतरी समितीसाठी चौथं नाव सुचवलं आणि सभा पुढे चालू झाली.

ती चपला पायात सरकवून निघाली. निकेश मागोमाग धावत आला. नालीच्या कडेला, जिच्यावर मोकाट बोलायची मुभा होती तिथेच, त्यानं तिला गाठलं. मोहिनी रडत होती. तिला राग आला होता आणि रागापेक्षाही जास्त, फार एकटं वाटत होतं. इतक्या वर्षांत या माणसानं तिला भाजी काय करायची हे रोज विचारलं होतं.

"मोहिनी," निकेश म्हणाला आणि थांबला. वरून काही आदेश येतो का, म्हणून त्यानं सवयीनं मागे देवळाकडे पाहिलं. तिथून समितीच्या सहाव्या नावाचा वाद ऐकू येत होता. मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा, कुणाच्याही मान्यतेशिवाय, एक वाक्य उच्चारलं.

"तुले पाह्यजे का मूल?"

मोहिनीनं पदरानं डोळे पुसले. बराच वेळ ती विचार करत होती. निकेशनं मध्येच काही सुचवलं नाही, आणि हे त्याला फार जड गेलं. मग तिनं उत्तर दिलं. एकच शब्द होता. तो ऐकून निकेशनं तिचा हात धरला, भर रस्त्यात, आणि म्हणाला, "मंग तसंच." दोघं घरी गेली. निर्णय झाला होता आणि त्यावर कुणाचीही सही नव्हती.

तो शब्द कोणता, हे दोघांनी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. प्रमिलाबाई सुनेच्या ताटाकडे पाहतात, महिला मंडळ तिच्या पोटाकडे पाहतं, बंडूजी समुद्रपूरहून दर आठवड्याला फोन करतात. मोहिनी शाळेत जाते, येते आणि विचारणाऱ्याला नालीची प्रगती सांगते.

आता राहिलं तिचं वय. ते ओघात येईल म्हटलं होतं, आलं नाही. पण सज्जन वाचकहो, आपण मघापासून लग्न, बदली, गुडघा अशी बेरीज करत इथवर आलाच आहात, आणि 'हो' म्हणाली असावी की 'नाही', याबद्दलचं आपलं मतही तयार आहे. अंगठा पेरावरून काढला नाहीत तरी चालेल. मोतीलालजींच्या समितीत एक जागा अजून रिकामी आहे. आपलं नाव कळवावं.