चिन्मयच्या जादूगाराला नंबर कोणी दिले?

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. या केसमध्ये माझं जे काही झालं ते वाचून लोक म्हणतील, हा कसला डिटेक्टिव्ह. पण आमचा मित्र सुधन्वा त्याचं व्हर्जन सगळ्यांना ऐकवत सुटलाय, तेव्हा खरं माझ्याकडूनच आलेलं बरं.

मी जयदीप. दिल्ली एनसीआरमधला सगळ्यात तल्लख मराठी डिटेक्टिव्ह. (दुसरा कोणी नाही, मान्य.) पोटासाठी नोएडात एका कंपनीत लोकांच्या हजेऱ्या तपासतो. डिटेक्टिव्हगिरी कुठे शिकलो नाही. स्वतःच शिकवलं, स्वतःच परीक्षा घेतली, स्वतःच पहिला आलो. दाराबाहेरच्या चपला बघून मी सांगतो की माणूस घरात आहे. एकदाच चुकलो. त्या माणसाकडे चपलांचे दोन जोड निघाले.

तर केस.

आमची देविका दर रविवारी तिच्या घरी एक खेळ चालवते. टेबलाभोवती पाच जण बसतात, फासे टाकतात, ती गोष्ट सांगते आणि आपण गोष्टीतली माणसं होतो. कोणी योद्धा, कोणी चोर. प्रत्येक माणसाचा एक कागद असतो, फॉर्मसारखा. देविकाने तो मराठीत छापलाय.

माझा मित्र चिन्मय पहिल्यांदाच खेळणार होता. जादूगार म्हणून. आणि जादूगाराला आठ विद्यांमधून एक खास विद्या निवडावी लागते. संरक्षण, मोहिनी, भविष्य, स्फोट, मृतविद्या, असं बरंच काही. एकदा निवडली की बदलता येत नाही.

"रविवारी चारपर्यंत रकाना भरून आण," देविका म्हणाली. "नाहीतर खुर्ची रेवतीला. ती तीन महिने वेटिंगवर आहे."

तुम्ही म्हणाल, मग निवड की यार. पण हा चिन्मय आहे. सायन्स त्याच्या बाबांनी निवडलं. कॉलेज कटऑफने निवडलं. यूपीएससीचा ऑप्शनल कोचिंगच्या सरांनी. तीन अटेम्प्ट झाले. गेल्या महिन्यात तिसऱ्याचा निकाल लागला, तेव्हापासून तो खोलीतून फक्त जेवायला बाहेर यायचा. मला म्हणाला, "जया, ही एक गोष्ट मी निवडणार. कोणीही मला काही सांगायचं नाही."

मी म्हटलं, बिल्कुल. आणि स्फोटविद्येवरचे अकरा व्हिडिओ पाठवले.

रविवारी सकाळी त्याचा फोन. "जया, लवकर ये. माझ्या कागदावर कोणीतरी लिहिलंय."

दिल्लीत आर. के. पुरमला चिन्मयच्या बाबांचं सरकारी क्वार्टर आहे. मी पोचलो. कागद काल संध्याकाळपासून डायनिंग टेबलावर पडलेला. आठही विद्यांसमोर पेन्सिलने आकडे. संरक्षण, १. मृतविद्या, ८. मधले सगळे वर-खाली.

"कशाला हात लावू नकोस," मी म्हटलं.

"मी त्यावर चहाचा कप ठेवला होता."

"मग कप पण पुरावा."

थिअरी पहिली. मी आकडे वरून खाली सलग वाचले. "मोबाइल नंबर आहे. दोन आकडे मुद्दाम गाळलेत."

"एकने कुठला मोबाइल नंबर सुरू होतो?"

"तेच तर संशयास्पद आहे."

थिअरी दुसरी. सुधन्वा. तो खेळात चोर असतो, आणि माणूस खेळात जे होतो ते आतून असतोच. लावला फोन.

"काल संध्याकाळपासून कुठे आहेस?"

"पानिपतला. नागपूरचे पाहुणे आलेत, त्यांना काला अंबचं लढाईचं स्मारक दाखवतोय."

"साक्षीदार?"

"नऊ पाहुणे, जया. त्यातले दोन रडतायत."

मी फोन ठेवला. पानिपतात मराठी माणूस खोटं बोलणार नाही. तिथे आपलं आधीच पुरेसं वाईट झालंय.

थिअरी तिसरी. ही माझी बेस्ट. "चिन्मय, हे तूच लिहिलंयस. झोपेत. तीन अटेम्प्ट दिलेला हात आहे तो, पर्याय दिसले की आपोआप चालतो."

तो हसला नाही. कागदाकडे बघत राहिला. "म्हणजे आतून मला संरक्षण हवंय? मग तेच लिहू का? एक नंबर दिलाय म्हणजे..." त्याने पेन उचललं. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. पण थिअरी इतकी सुंदर होती की मी गप्प बसलो.

तेवढ्यात अरुणाकाकू पोहे घेऊन आल्या. कागदाकडे बघितलं. तीन सेकंद.

"हे यांनी भरलंय."

"कोणी?"

"अरे, ह्याच्या बाबांनी. क्वार्टर मागायच्या फॉर्मवर असंच भरतात. आधी पेन्सिल, मग पेन. सगळ्या पर्यायांना नंबर द्यायचे. एक जरी कोरा राहिला तरी फॉर्म परत येतो. लिंबू हवं का?"

गुणवंतकाका टॉवेल गुंडाळून बाहेर आले. मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, सव्वीस वर्षं नोकरी. चेहऱ्यावर गुन्हेगाराचं एक लक्षण नाही.

"कोरा फॉर्म घरात ठेवू नये," काका म्हणाले. "संरक्षण पहिलं. ते खातं कधी बंद होत नाही. भविष्य दुसरं, टेबलाशी बसून काम. मृतविद्या शेवटची, नाइट ड्युटी असणार."

"आणि स्फोट?" मी विचारलं. प्रोफेशनल उत्सुकता.

"सातवा. ऑडिट लागतं."

"बाबा," चिन्मय म्हणाला. "हे मला निवडायचं होतं."

काका म्हणाले, "मी कुठे निवडलंय? नुसता प्राधान्यक्रम दिला." मग टॉवेलची गाठ घट्ट करत, कोणाकडेच न बघता, "खोडरबर टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहे."

चिन्मयने आठही आकडे खोडले. सावकाश, एकेक. मी तोंड उघडलं.

"जया, तुझे अकरा व्हिडिओ पण मी डिलीट केलेत."

मी पोहे खाल्ले.

त्याने पेनने लिहिलं. रूपांतर.

"का?" मी विचारलं.

"माहीत नाही. वाचताना मजा वाटली."

काकांनी लांबूनच वाचलं. "अच्छा. चौथं होतं ते. वाईट नाही."

चारला दहा कमी असताना आम्ही देविकाच्या दारात. बेल वाजवायची तर हा नुसता उभा.

"जया, चुकीचं निवडलं असेल तर?"

माझ्याकडे एकही थिअरी नव्हती, आईशप्पथ.

"तर चुकीचं," मी म्हटलं. "पण ऐक. तुझा जादूगार पहिल्याच खोलीत उंदराच्या हातून मेला, तरी 'मी सांगत होतो' असं मी म्हणणार नाही. आज नाही, पुढच्या रविवारी नाही, तुझ्या लग्नात पण नाही. वचन."

त्याने बेल दाबली.