दाजींची तारांची चाकं

आमचे दाजी माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी चाकं बघतात.

त्यांच्या पुतणीला स्थळ आलं तेव्हा सगळे ओटीवर पोहे खात मुलाचा पगार विचारत होते आणि दाजी अंगणात त्याच्या मोटारसायकलपाशी उकिडवे बसले होते. आत येऊन म्हणाले, "नाय जमायचं. तारा गंजल्यात. ज्याला चाकाच्या तारा पुसता येत नायत, तो पोरीचे डोळे काय पुसणार?" स्थळ मोडलं. पुढे त्या मुलाबद्दल जे कानावर आलं त्यावरून दाजी खरे ठरले, आणि तेव्हापासून त्यांना आवरणं कुणालाच जमलं नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चौक गावाच्या अलीकडे त्यांचं गाव, थोडी भातशेती, आणि खालापूरकडच्या एका कारखान्यात फिटर म्हणून सारी नोकरी. मी कर्जतला एका पतपेढीत कारकून. माथेरानचा दाजींना मनापासून राग. "ज्या डोंगराला मोटारीचं चाक चालत नाय, तो डोंगर कसला? नुसता उंचवटा."

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी विलायती गाडी घेतली. कुणा बंगलेवाल्यानं अडगळीत टाकलेली, दोन माणसांची, बिनछपराची, आणि इतकी बुटकी की ताई म्हणाली, "हिच्यात बसायचं की हिला कडेवर घ्यायचं?" दाजींनी खपून खपून ती चालू केली. पण चाकं पत्र्याची होती, ते त्यांना खुपत होतं. "तारांची चाकं पायजेत रं सुधीर हिला. जातिवंत घोडीला कुणी गमबूट घालतं का?"

चाकं बदलायची म्हणजे जुनी काढून नवी लावायची, असं मला वाटलं होतं. तसं नसतं. आधी चारही हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं ते आसाच्या टोकाचे गट्टू, बदलायचे. नव्या हबला दाते असतात, त्यावर तारांचं चाक सरकवायचं आणि मधोमध दोन कानांचा एकच मोठा नट लाकडी हातोड्यानं ठोकून बसवायचा. मेख अशी, की एका बाजूचे आटे सुलटे आणि दुसऱ्या बाजूचे उलटे. सायकलचं डावं पेडल उलटं आवळतं, तसंच. बरोबर बसवलं तर गाडी चालेल तसा नट घट्ट होतो. बाजू चुकली तर गाडी चालेल तसा सुटत जातो.

रविवारी मी मदतीला जायचो. मदत म्हणजे चहा पिणं आणि हो म्हणणं. एका रविवारी मात्र खरं काम मिळालं. दाजी एकेक हब उचलून गाडीला लावून बघायचे, बाजू ठरवायचे, ती नुसती मानेनं दाखवून माझ्याकडे द्यायचे, आणि मी खडूनं त्यावर 'डा' नाहीतर 'उ' लिहायचो. "नीट लिव. तुजं अक्षर पतपेढीत चालतं, म्हंजे देवाचं अक्षर."

त्या अक्षरांबरहुकूम दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी हब बसले. दसऱ्याला गाडीच्या नाकावर झेंडूची माळ, शेजारच्या सीटवर जरीच्या साडीतली ताई, मागे स्कूटरवर मी. गावाबाहेरच्या वळणावर पुढचं एक चाक निघालं. गाडी बसली, म्हैस बसते तशी. चाक मात्र थांबेना. ते बांध ओलांडून उभ्या भातात गेलं आणि तिथं लोंब्यांत दडून बसलं. शेतातला माणूस ओरडला, "दाजी, चाकाला सणाची सुट्टी दिली का?" रस्ताभर हशा. ताईचं कोपर सोलवटलं होतं.

दाजींनी हब बघितला, नट बघितला. खडू वंगणात केव्हाच पुसून गेला होता. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू बरोबरच लिवलं असशील. मीच उलटं वाचलं."

आणि मला आठवलं. लिहिताना मी गाडीच्या तोंडासमोर बसलो होतो. मोटारीचं डावं-उजवं हे आत बसलेल्या माणसाचं असतं. मी माझं लिहिलं होतं. चारही हबांवर.

एक वाक्य पुरलं असतं. पण लोक हसत होते, ताई कोपर धरून उभी होती, आणि त्या हशात मला उभं राहायचं नव्हतं. एवढंच कारण. दुसरं शोधून बघितलं, सापडत नाही.

दाजींचे वडील शेवटी शेवटी स्वतःच्या घराचं दार विसरले होते. शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून बायकोला हाका मारायचे. आता दाजी स्वतःवर नजर ठेवू लागले. गोळी हातात घेऊन विचारायचे, "ही सकाळचीच ना?" चप्पल घालताना, "ही डावीच ना रं?" घरात त्याची थट्टा व्हायची. थट्टेत मीही हसलो आहे. एकदा दारात कुणाची तरी कोरी मोटारसायकल येऊन उभी राहिली आणि दाजी नुसते त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहिले. तरी बोललो नाही.

मग कळलं, गाडी ते कळंबच्या एका रिसॉर्टवाल्याला देताहेत. तो बॉनेटमध्ये माती भरून जास्वंद लावणार होता आणि गाडी फाटकाशी ठेवणार होता. "बरं हाय," दाजी म्हणाले, "उभ्या गाडीला डावं-उजवं लागत नाय."

टेंपो यायच्या आदल्या दिवशी मी गेलो. दाजी गोठ्यात गाडीशेजारी बसून चाकाच्या तारा पुसत होते. एकेक, जशा देवाच्या वाती वळाव्यात.

"दाजी, तुम्ही उलटं वाचलं नाही. मी उलटं लिहिलं. गाडीसमोर बसून लिहिलं. दसऱ्यालाच कळलं होतं मला."

फडकं थांबलं. हातोडा त्यांच्या हाताशीच होता. येऊ दे, म्हटलं.

"म्हंजे मी वाचलं ते बरोबर?"

"हो."

"आवळताना हाताला उलटं लागलं व्हतं. ते पण बरोबर?"

"ते पण."

"डोकं हाय म्हंजे जाग्यावर," ते म्हणाले. मला नव्हे, चाकाला. मग त्याच फडक्यानं त्यांनी तोंड पुसलं. ग्रीस गालभर पसरलं, तरी फडकं बराच वेळ खाली आलं नाही.

मी माफी मागायला गेलो तर खेकसले, "गप रं. तुज्या ताईला सांगू नको. नवऱ्याला हसायची सवय हाय तिला. भावाची लाज वाटली तर कुणाकडं बोलंल ती?"

सांगितलं नाही. पण ताई छापलेलं सगळं वाचते.

टेंपोवाल्याला नको म्हणून कळवलं. चारही हब पुन्हा खाली उतरले. दाजींनी खिसे चाचपून खडूचा तुकडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "लिव."

मी आधी गाडीत शिरलो. गुडघे हनुवटीला लागले. सुकाणू धरून बसलो, डावा हात बाहेर काढला, मग उजवा. उतरलो, आणि लिहिलं.

दाजींनी ते वाचलं आणि बसवायला घेतलं. तपासून बघितलं नाही.