कर्जाचे मोजे

"हे तुम्हाला पटणार नाही," कवळीवाले म्हणाले, "आणि पटावं असा माझा आग्रहही नाही. पण तिकडच्या बँकेनं मला सतरा जणांच्या टोळीचा म्होरक्या ठरवलं होतं, आणि त्या टोळीतले अकरा जण आत्ता या खोलीत चहा पीत बसलेत."

अकरा जणांनी आपापल्या कपात पाहिलं.

कवळीवाले तीन वर्षांनी परदेशातून महिनाभराच्या रजेवर आले होते. ज्याच्या तोंडातले दात गेले त्याच्या हिरड्यांचा साचा घ्यायचा आणि त्यावर नवी बत्तिशी घडवायची, हा त्यांचा धंदा. आपण केलेली कवळी बसवली की माणूस विनाकारण हसत सुटतो, असं ते स्वतःच सांगत. त्यांच्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्यायचं आणि उरलेलं चाळून घ्यायचं, ही घरातली जुनी रीत. आज मात्र एक शब्दही सोडायला कुणी तयार नव्हतं, कारण या गोष्टीत प्रत्येकाचा पैसा गुंतला होता. तीन वर्षांपूर्वी अडचण कळल्यावर सतरा नातेवाइकांनी त्यांना पैसे पाठवले होते. त्या पैशांचं पुढे काय झालं, हे त्यांनी कधी कळवलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. जावयाला असलं विचारतात कसं, हेच कुणाला माहीत नव्हतं. टेबलावर रंगीत कागदात बांधलेल्या सतरा एकसारख्या पुड्या मात्र मांडून ठेवल्या होत्या आणि सगळ्यांचे डोळे अधूनमधून तिकडे वळत होते.

समोरच्या खुर्चीत सासरे बसले होते. वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी पस्तीस वर्षं दुकानदारांची मापं उलटी करून बुडं तपासली होती. जावयानेच केलेली कवळी तोंडात घालून ते पातळ चिरलेल्या सफरचंदाची एकेक फोड शांतपणे चघळत होते.

"मग?" ते म्हणाले.

मग काय, कवळीवाल्यांनी तिकडे गेल्यापासूनचं सगळं सांगायला घेतलं. कवळ्या करायच्या कारखान्यात नोकरी होती, पगार चांगला होता, कपडे धुण्याच्या दुकानावरची एक खोली होती. बायको आणि मुलगी चार महिन्यांनी यायच्या होत्या, त्यांची तिकिटंही काढून झाली होती. त्या खोलीत मात्र पलंग टाकला की दार उघडत नसे आणि दार उघडायचं तर पलंग उभा करावा लागे. तेव्हा चार महिन्यांत घर मिळवणं भाग होतं. घर त्यांनी पाहिलंही. दोन खोल्या, खिडकीत ऊन, मुलीची शाळा समोर. घरमालकीण चष्मा पुसत म्हणाली की तुमचा क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्यातली पत, दाखवा, नाहीतर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरा.

सहा महिन्यांचं भाडं म्हणजे कवळीवाल्यांचे सगळे खिसे, अस्तरासकट. म्हणून त्यांनी छाती पुढे काढून सांगितलं की मी उभ्या आयुष्यात कुणाकडून छदामही उधार घेतलेला नाही. हे ऐकल्यावर आपल्याकडे माणसं पाठ थोपटतात. घरमालकिणीने एखाद्याचं दुखणं ऐकावं तसा चेहरा केला.

"अरेरे," ती म्हणाली. "म्हणजे तुमच्यावर कधी कुणी विश्वासच ठेवला नाही?"

ते तसेच बँकेत गेले. खिडकीमागच्या बाई समजूतदार होत्या. त्यांनी सांगितलं की स्कोअर हवा तर कर्ज हवं, आणि तुमच्यासारख्या नवख्याला कर्ज कुणी देणार नाही. तेव्हा असं करा, तुमचे थोडे पैसे आमच्याकडे तारण ठेवा. त्यावर आम्ही कार्ड देऊ. कार्डावर वस्तू घ्या आणि वेळेवर फेडा, की तुमचं नाव होईल.

"म्हणजे माझेच पैसे मला उधार?"

"हो."

"आणि ते मी तुम्हालाच परत करायचे?"

"वेळेवर."

कवळीवाल्यांनी कार्ड घेतलं आणि भीत भीत एक लोकरीच्या मोज्यांचा जोड विकत घेतला. कारखान्यात प्लास्टर ओतायच्या खोलीतली फरशी बर्फासारखी गार, पायांना गरज होतीच. पण दुकानातून बाहेर पडताच आपण कर्जबाजारी झालो हे त्यांच्या ध्यानात आलं. ते रस्ता ओलांडून बँकेत शिरले आणि मोज्यांचे पैसे भरून मोकळे झाले. सगळं मिळून चौदा मिनिटांचं कर्ज. पुढच्या महिन्यात टूथब्रश घेतला, ते कर्ज नऊ मिनिटांत फिटलं. दोन महिन्यांनी स्कोअर विचारायला गेले तर पाटी कोरी. बाईंनी कपाळाला हात लावला. महिनाअखेरीला बिल निघतं, ते निघेपर्यंत थांबा, त्या म्हणाल्या. बिलात काही दिसलंच नाही तर तुम्ही काय फेडलं हे कुणाला कळणार? कर्ज थोडं अंगावर राहू द्या.

"किती दिवस?"

"पंचवीस."

तिसऱ्या महिन्यात त्यांनी मोज्यांचा दुसरा जोड घेतला आणि मन घट्ट करून तो तसाच कर्जात राहू दिला. पहिला जोड एव्हाना प्लास्टरने कडक होऊन उभा राहायला लागला होता. नवा जोड मात्र त्यांनी पायात घातला नाही. ज्याचे पैसे दिले नाहीत ती वस्तू वापरायची कशी? वेष्टनासकट तो खुंटीला टांगला, आणि स्वतः अनवाणी गार फरशीवर उभे राहून लोकांचे दात घडवत राहिले. आठव्या दिवशी सर्दी झाली. बाराव्या दिवशी बायकोने फोनवर ते शिंकणं ऐकलं.

"अहो, मोजे का नाही घालत?"

"घालीन. अजून ते आपले नाहीत. कर्जातले आहेत."



इथवर आल्यावर कवळीवाल्यांनी चहाचा घोट घेतला आणि बायकोकडे पाहिलं. ती दाराशी बसून मुलीचे कपडे घडी करत होती. पुढचं तुम्हीच सांगा, असं ते म्हणाल्यावर तिने मान न वळवता सांगितलं की मी फक्त ताईला सांगितलं होतं, आणि कुणाला सांगू नकोस असंही सांगितलं होतं.

ताईने नवऱ्याला सांगितलं, म्हणजे कवळीवाल्यांच्या साडूंना, आणि कुणाला सांगू नका म्हणून बजावलं. त्याच अटीवर ती बातमी दिवस मावळायच्या आत सतरा घरं फिरली. प्रत्येक घरात तिचं वजन थोडं वाढत गेलं. सासऱ्यांच्या घरी ती पोचली तेव्हा त्यांनी ती नेहमीप्रमाणे उलटी करून पाहिली. मोज्यासाठी कुणी कर्ज काढतं का? ज्या माणसाने कधी उधारी केली नाही, तो कर्जात आहे म्हणतो आणि मोज्यांचं नाव पुढे करतो, याचा अर्थ सरळ होता. आकडा मोठा होता आणि बिचारा लाज झाकत होता.

नेमका हाच विचार उरलेल्या सोळा जणांनी आपापल्या घरी केला. नेमका तोच उपायही केला. दुसऱ्याला कळू न देता प्रत्येकाने बँक गाठली आणि झेपेल एवढी रक्कम जावयाच्या खात्यात पाठवली. परदेशी पैसे पाठवायच्या अर्जात 'कशासाठी' असा एक रकाना असतो. माणसाची लाज राखायची म्हणून सतरा जणांनी, एकमेकांशी अवाक्षर न बोलता, त्यात एकच शब्द लिहिला. मोजे.

"मी पायमोजे लिहिलं होतं," आत्या म्हणाल्या.

"तेच तर त्यांना जास्त खटकलं," कवळीवाले म्हणाले.

तीन दिवसांत सतरा अनोळखी माणसांनी एका नवख्या खात्यात पैसे भरले, आणि प्रत्येक रकमेसमोर कारण एकच, मोजे. बँकेने खातं गोठवलं आणि कवळीवाल्यांना आतल्या खोलीत बोलावलं. तिथे संशयास्पद व्यवहार पाहणारा एक साहेब बसला होता. धिप्पाड, टक्कल पडलेला, तोंडात पेन्सिल. त्याने समोर यादी ठेवली आणि मोजे म्हणजे नक्की कुठला माल, असं विचारलं. कवळीवाल्यांनी पाय वर करून दाखवला. पाय अनवाणी निघाला. त्याने काम सोपं झालं नाही.

मग माणसांची चौकशी सुरू झाली. हा कोण? बायकोच्या बहिणीचा नवरा. हा? बायकोच्या भावाचा चुलत सासरा. ही बाई? माझ्या वडिलांची बहीण. आणि हा? तिच्या जावेच्या मुलाचा मेहुणा. नवव्या माणसापाशी साहेबाने पेन्सिल दातांनी कडकन मोडली आणि तुकडे कचऱ्याच्या डब्यात थुंकले. खरं सांगा, तो म्हणाला, नाहीतर तुम्हाला पहिल्या विमानाने परत पाठवतो. विमान म्हणताच कवळीवाल्यांना दुसरं विमान आठवलं. बायको आणि मुलगी ज्यात बसणार होत्या ते, नऊ दिवसांवर आलेलं.

अशा वेळी माणसाला आपला धंदाच आठवतो. त्यांनी पिशवीतून प्लास्टरचा वरचा जबडा काढून टेबलावर ठेवला. हे आमचं घर, ते म्हणाले. समोरचे दोन दात बायको आणि तिची बहीण. त्यांच्या शेजारी साडू आणि मेहुणा, टोकदार. इकडे दाढा, म्हणजे काका मंडळी, दिसत नाहीत पण सगळं चावायचं काम त्यांच्याकडे. अगदी मागे अक्कलदाढ. ती आत्या. उशिरा येते आणि आली की सगळ्या घराला कळतं.

आत्यांनी कप जरा जोरात ठेवला.

"आणि मी कुठला?" सासऱ्यांनी विचारलं.

"वरच्या जबड्यात दात सोळाच असतात, मामा. तुम्ही सतरावे. मी सांगितलं की सासरे म्हणजे जबडाच."

खोलीत सगळे हसले. आत्याही हसल्या. कवळीवाल्यांना तेवढी उसंत हवीच होती, कारण इथून पुढची वाट अजून पुरती आखलेली नव्हती.

साहेबही असाच हसला, त्यांनी जुळवत जुळवत पुढे नेलं. हसता हसता टेबलावर मुठी आपटायला लागला. आणि तेवढ्यात, तुम्हाला पटणार नाही, त्याची कवळी तोंडातून सुटली, यादीवर पडली आणि मधोमध तडकली. धिप्पाड माणूस एकदम तोंडावर हात धरून लहान मुलासारखा बसला. दहा मिनिटांनी त्याची वरिष्ठांपुढे हजेरी होती. कवळीवाल्यांनी बाह्या सरसावल्या, पिशवीतली पूड आणि द्रव काढला, साहेबाच्याच कपात मिसळला, भेग भरली, आणि नखं घासायच्या कानशीने घासून कवळी परत तोंडात बसवून दिली. पूर्वीपेक्षा घट्ट. साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने तिथल्या तिथे बँकेच्या कागदावर चिठ्ठी लिहिली की हा माणूस शंभर नंबरी आहे, याला स्कोअरची गरज नाही. ती चिठ्ठी पाहून घरमालकिणीने किल्ली काढून दिली. विमान उतरलं तेव्हा खिडकीत पडदे लागले होते.

"आणि पैसे?" साडूंनी अखेर विचारलं. घसा खाकरून विचारलं.

कवळीवाल्यांनी खाली मान घातली. नियम म्हणजे नियम, ते म्हणाले. गोठवलेले पैसे आल्या वाटेने परत निघाले. पण वाटेत बँका किती. पहिलीने पाठवायची फी कापली, दुसरीने घ्यायची, तिसरीने चौकशीची. एका चलनाचं दुसरं चलन होताना थोडं गळलं, दुसऱ्याचं पहिलं होताना उरलेलं गळलं. एकही रक्कम घरापर्यंत जिवंत पोचली नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून प्रत्येकासाठी आठवणीने एकेक वस्तू आणली आहे.

त्यांनी उठून पुड्या वाटल्या. कागद फाटल्याचे आवाज आले. प्रत्येक पुडीत लोकरीच्या मोज्यांचा एक जोड होता. मोजे चांगले होते. आत्यांनी ते गालाला लावून पाहिले. साडू म्हणाले की असो, पैसा काय, येतो जातो. वातावरण निवळत चाललं आणि कवळीवाले खुर्चीत मागे रेलले.

सासऱ्यांनी मोजा उलटा करून त्याचं बूड पाहिलं. मग सफरचंदाची शेवटची फोड उचलली, तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि ती परत बशीत ठेवली.

"जावईबापू, एक बारीक शंका. त्या साहेबानं पेन्सिल कशानं मोडली?"

"दातांनी."

"सहा वर्षं तुमची कवळी माझ्या तोंडात आहे. कडक वस्तू दातांनी फोडायची नाही, हे तुम्हीच मला कागदावर लिहून दिलंत. सफरचंदसुद्धा मी चिरून खातो. आणि तो पेन्सिल मोडतो."

"तिकडच्या पेन्सिली मऊ असतात, मामा."

"मघाशी कडकन मोडली म्हणालात." सासऱ्यांनी मोजे मांडीवर नीट जुळवून ठेवले. "म्हणजे दात त्याचे स्वतःचे. मग कवळी पडली नाही. पडली नाही तर तुम्ही जोडली नाही, आणि जोडली नाही तर त्यानं चिठ्ठी दिली नाही. तो नुसता हसला आणि खातं मोकळं केलं. बरोबर?"

कवळीवाल्यांनी रिकामा कप उचलून तोंडाला लावला. बाकीचे दहा जण मोजे हातात धरून त्यांच्याकडे पाहत होते. दाराशी कपड्यांची घडी घालायची थांबली होती.

"आणि चिठ्ठी नव्हती, तर घरमालकिणीला दुसरी अट होती," सासरे म्हणाले. "सहा महिन्यांचं भाडं आगाऊ. म्हणजे जावईबापू, तीन वर्षांपूर्वी आम्ही सतरा जणांनी तिकडे घर घेतलं, खिडकीत ऊन येणारं, शाळेसमोरचं, आणि आम्हाला अजून त्याचा पत्तासुद्धा माहीत नाही."