नकलेला जाग येईपर्यंत

पूर्वतयारीशिवाय केलेली करमणूक म्हणजे निव्वळ उधळेपणा. घड्याळजींना हे पुरतं पटलेलं होतं.

त्यांची थोरली बहीण बदलीवर सातासमुद्रापार चालली होती. गाडी साडेतीनला येणार होती. जाण्याआधी रणगाड्यांचा तो अर्धा राहिलेला डाव पुरा करायचा, असं ठरलं होतं. तीस वर्षांपूर्वी तो वडिलांनी मेन स्विच पाडून थांबवला होता.

त्या व्हिडिओ गेमचं यंत्र माळ्यावर होतं. पण जुनी वस्तू जपायची असते, आणि जपायची म्हणजे वापरायची नाही. म्हणून घड्याळजींनी संगणकावर त्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम घेतला. या नकलेला मूळ यंत्रातली बायोस नावाची छोटी फाइल लागते. ती वाचल्याशिवाय आपण कोण, हे तिला कळत नाही. (माणसांसाठी ही सोय अजून झालेली नाही.)

फाइल स्वतःच्याच यंत्रातून काढावी, असा नियम. घड्याळजी नियमाचे पक्के. त्यांनी यंत्र उतरवलं, पुसलं, टीव्हीला जोडलं. ते झटक्यात सुरू झालं.

“अरे, चालतंय की हे!” आक्का मांडी ठोकून बसलीच. “दे ती जॉयस्टिक. आज तुझी जिरवते.”

“आक्का, दम धर. हे फक्त फाइल काढण्यापुरतं लावलंय.”

“मग खेळायचं कशावर?”

“ह्याच्या नकलेवर.”

आक्काने मांडी सोडली. यंत्र फडक्यात गुंडाळून परत माळ्यावर गेलं.

मग खरं काम सुरू झालं. फाइलचं नाव छोट्या इंग्रजी अक्षरांतच हवं. शंभरातल्या त्र्याण्णव अडचणी एखादं अक्षर मोठं पडल्याने येतात. उरलेल्या सात, ते छोटं केल्याने. घड्याळजींनी इंटरनेटवर जाणकारांच्या मंचावर विचारलं. अकरा जणांनी तत्परतेने कळवलं, की हे पूर्वीच विचारून झालंय. (कुठे, ते सांगितलं नाही. आयतं ज्ञान अंगी लागत नाही.)

“बाळ्या, गाडी आली रे.”

“दोनच मिनिटं, आक्का!”

“बाबा स्विचकडे निघाले तेव्हाही हेच म्हणाला होतास.”

चार वाजून दहा मिनिटांनी नक्कल जागी झाली. पडद्यावर ओळ उमटली: दुसऱ्या खेळाडूने बटण दाबावे.

आक्काची गाडी जाऊन अर्धा तास झाला होता. मग त्यांनी सगळी कृती मंचावर लिहून टाकली. आजवर चारशे जणांना तिचा उपयोग झाला आहे.

हसणाऱ्या वाचकांनी आपला फोन काढावा. त्यात ज्या माणसाचे फोटो सर्वांत जास्त जपून ठेवलेत, त्याला शेवटचं कधी भेटलात, ती तारीख खाली लिहावी. अक्षर लहानमोठं चालेल.