झिपरोबाची बिअर आणि जंगलाचा खोकला

एका जंगलात, म्हणजे जिथे थंडी भरपूर आणि अक्कल बेताची अशा डोंगरातल्या जंगलात, मुलांनो, झिपरोबा नावाचं अस्वल होतं. झिपरोबा जवाची बिअर बनवायचा. नाकं मुरडू नका. तुम्ही आपलं दूध प्या आणि ऐका.

त्याची बिअर गोडमिट्ट असायची. शिवाय लगेच बिघडायची. गेल्या शरदोत्सवात ती सिंहमहाराज प्यायले. मग भाषणाला उभे राहिले. "माझ्या शूर प्रजाजनांनो," एवढं म्हणाले आणि झुडपामागे धावले. भाषणाचा उरलेला भाग प्रजेने अजून ऐकलेला नाही.

"पुन्हा बिघडली तर तू जंगलाबाहेर!" महाराजांनी झुडपामागूनच फर्मावलं.

"आणि याची गुहा मला," असं प्रधान गुळचटराव कोल्हे हळूच म्हणाले.

वर्ष सरलं. उत्सव तोंडावर आला. झिपरोबा अंगणात डोकं धरून बसला होता. तेवढ्यात मानसीताई उतरल्या. मानसीताई म्हणजे चक्रवाक पक्षीण. दर थंडीला हिमालयापलीकडून यायच्या. मागे एकदा त्यांनी झिपरोबाला एका वेलीची मुळी भेट दिली होती.

"अरे वा! हॉपचा वेल किती फोफावलाय!" ताई म्हणाल्या.

वेल बांबूला वळसे घालत पार शेंड्यापर्यंत गेला होता. त्याला हिरव्या, कागदासारख्या पाकळ्यांची फुलं लगडली होती. लहानशा कणसासारखी दिसत होती.

"सावली छान पडते," झिपरोबा म्हणाला.

"सावली? अरे झिपऱ्या, तू हा सावलीसाठी वाढवलास?"

ताईंनी चोचीने एक फूल उकललं. आत पिवळी भुकटी होती. झिपरोबाने नाक खुपसलं. मोसंबीची साल. ओला देवदार. मागून काळ्या मिरीची चुणूक. त्याला एवढ्या शिंका आल्या की खारी झाडावरून पडल्या.

"हा वेल मादी आहे. भुकटी मादीच्याच फुलांत असते," ताई म्हणाल्या. "आता नीट ऐक. जवाचं पाणी उकळायला लागलं की थोडी फुलं टाक. ती खूप वेळ उकळली की कडवटपणा उतरतो. त्याने गोडी आवरते आणि बिअर टिकते."

"आणि हा वास?"

"उकळताना उडून जातो. म्हणून चूल विझवायच्या वेळी आणखी थोडी टाकायची. आणि बिअर आंबून रांजणात थंड झाली की एक मूठ वरून. नुसती भिजू द्यायची. वास येतो, कडूपणा फारसा येत नाही."

"मूठ म्हणजे माझी की तुमची?"

"मला मूठ नाही रे."

झिपरोबाने आपलीच मूठ धरली, पण अर्धी.

शरदोत्सवात बिअर वाटली गेली. आधी मोसंबीचा वास, मग जवाची गोडी, शेवटी जिभेवर हलकासा कडवटपणा. हत्ती गाऊ लागला. साळिंदराला सगळ्यांना मिठी मारावीशी वाटली, आणि सगळ्यांनी ती मारून घेतली. महाराजांनी पूर्ण भाषण केलं. रांजण शेवटपर्यंत बिघडला नाही.

"यात काय आहे?" महाराजांनी विचारलं.

झिपरोबा भोळा. त्याने वेल दाखवला.

गुहा हातची गेली म्हणून गुळचटराव चडफडत होते. पण ते प्रधान होते. ते लगेच म्हणाले, "महाराज, मूठभर फुलांनी एवढी मजा, तर गाडाभर फुलांनी केवढी!"

"हिशेब बरोबर आहे," महाराज म्हणाले.

"महाराज, जास्त झालं तर कडू होईल," झिपरोबा म्हणाला.

"कडू सोसत नाही ते गावंढळ!" गुळचटराव कडाडले. महाराजांनी मान डोलावली. आणि राजाची मान एकदा डोलली की तो कायदा होतो.

झिपरोबाने गाडाभर फुलं दिवसभर उकळली. बिअर आंबून तयार झाल्यावर महाराजांनी पहिला घोट घेतला. त्यांची आयाळ ताठ उभी राहिली. डोळ्यांतून धारा लागल्या.

"आनंदाश्रू!" गुळचटराव ओरडले. त्यांनी स्वतः घोट घेतला आणि त्यांची शेपटी आपोआप गुंडाळली गेली. "अहाहा! यात मला पावसात भिजलेल्या पायरीची आठवण येते!"

"मला काकांच्या घोंगडीची!" रानडुक्कर म्हणालं. त्याला काका नव्हते.

गावंढळ कोणालाच ठरायचं नव्हतं. सगळे प्याले. सगळ्यांनी तोंडं वेडीवाकडी केली आणि त्याला हसू म्हटलं. झिपरोबाला 'कटुरत्न' किताब मिळाला. तो घरी येऊन रडला.

"ताई, चांगली केली होती हो मी!"

"मग अजून कर. कोणी अडवलंय?"

त्याने मागच्या अंगणात एक लहान रांजण भरला. मूठभर फुलांचा. दोघं पीत बसली.

भर दुपारी मागचं दार वाजलं. बाहेर हत्ती.

"खोक, खोक. झिपरोबा, तुझ्याकडे खोकल्याचं औषध आहे म्हणे. मोसंबीच्या वासाचं."

झिपरोबाला आधी कळलं नाही. मानसीताईंना कळलं. त्यांनी वाडगं पुढे केलं.

मग साळिंदर खोकत आलं. मग रानडुक्कर. गुळचटराव तर दारापर्यंत येईस्तोवर खोकायचं विसरले आणि परत जाऊन खोकत आले. आठवडाभरात सगळ्या जंगलाला खोकला झाला. पुढच्या दारी कटुरत्नाची कडू बिअर, मागच्या दारी औषध.

एका दुपारी डोक्यावरून घोंगडी घेतलेला कोणीतरी आला.

"अहेम. खोकला."

"महाराज?" झिपरोबा दचकला.

"कोण महाराज? मी मांजर आहे. म्याँव."

खिडकीची काचच काय, चौकटही हलली.

"किती देऊ, मनीबाई?" झिपरोबाने विचारलं.

"मोठं वाडगं," मांजर खर्जात म्हणालं. "आणि पुन्हा उद्या येईन. माझा खोकला जुना आहे."

तात्पर्य : मुलांनो, चांगल्या गोष्टीची लोकांना खरी आवड असते. मात्र ती त्यांना आजारी पडल्याशिवाय देऊ नये.